ग्विन वेल्सकर आणि शेवटची शिट्टी

कुवेतमध्ये दार कितीही घट्ट लावा, उंबऱ्यावर वाळू येऊन बसतेच. सकाळी झाडावी, संध्याकाळी पुन्हा तेवढीच. ग्विनचे किस्से असेच साचले. तिथून परतलेली चार माणसं कुठेही भेटली, लग्नात, बारशात, अगदी कुणाच्या दहाव्यालासुद्धा, की कुणीतरी विचारतंच, "मावशी, ग्विनचं ते आठवतं का?" आणि पुढे असा किस्सा सांगतात, की तो घडला तेव्हा सांगणारा कुवेतला आलाही नव्हता! म्हणून ठरवलं, मी स्वतः पाहिले तेवढे लिहून टाकायचे. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं माझं मी शिकले. मराठी लिहिणं, हिंदी, कामापुरतं अरबी आणि फुटबॉल. शुद्धलेखनाच्या चुका खुशाल काढा. ऑफसाइडच्या काढू नका.

आमचे हे शुऐबाच्या एका कारखान्यात फोरमन. मी मेस चालवायचे, आधी मिरकाबला, आणि पहिलं आखाती युद्ध संपून परत गेल्यावर फिंतासला. जेवायला येणारे बहुतेक आपल्या कोकणातले फिटर, वेल्डर, बायकापोरं गावी ठेवून आलेले. शुक्रवारी सुट्टी. फिंतासला समुद्राच्या अलीकडे एक मैदान होतं. मैदान कसलं, चुन्याच्या रेघा मारलेली वाळू. आमच्या टीमचा कॅप्टन दत्ताराम, पाइप-फिटर, गुहागरकडचा. रेफ्री रहमतभाई, श्रीवर्धनचे, एरवी किराणा दुकान सांभाळायचे. आणि रेघेपाशी उलट्या क्रेटवर मी, चहाचा थर्मास आणि घावन्यांचा डबा घेऊन. लोकांना वाटायचं मी डब्यासाठी जाते. मी ओरडायला जायचे.

* * *

ग्विन वेल्सचा. खरा फुटबॉलवाला, खेळण्याचा पगार घेणारा. मिसरूड फुटायच्या वयात तिकडच्या मोठ्या क्लबात गेला आणि मग उजवा गुडघा गेला. गुडघा बरा झाला तर घोटा. घोटा बरा झाला तर पुन्हा तोच गुडघा. आपण गवतावर कमी आणि ऑपरेशनच्या टेबलावर जास्त झोपलो, असं तो स्वतःच सांगायचा. तिकडच्यांनी सोडलं तेव्हा कुवेतच्या एका क्लबाने बोलावलं. इथे दुसऱ्याच सामन्यात त्याला उचलून बाहेर न्यावं लागलं आणि करार संपला. घरी परत जायला तयार नव्हता, म्हणून फिंतासच्या एका शाळेत खेळाचा मास्तर झाला आणि तिथल्या शिपाई-ड्रायव्हरांकडून मोडकंतोडकं हिंदी शिकला.

एका शुक्रवारी रेघेबाहेर उभा राहून आमची मॅच बघत होता. आमचा एक गडी कमी होता. दत्तारामने हाक मारली, गुडघ्याचा पट्टा बघितला आणि विचारलं, "घुटना ठीक है?"

"घुटना मेरा प्रॉब्लेम," ग्विन म्हणाला. "तुम बॉल दो."

बॉल दिला. त्याने मान वर न करता मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला असा काही पास दिला, की आमचे दहाच्या दहा खेळाडू बघत उभे राहिले. ज्याच्याकडे बॉल गेला तोही बघत उभा राहिला! बॉल बाहेर. ग्विन वळायला गेला आणि खाली बसला. गुडघा.

आता आमच्या पोरांना कारखान्यात सेफ्टीच्या क्लासमध्ये एक गोष्ट शिकवली होती. दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांची मनगटं धरायची, की हातांची खुर्ची होते, आणि जखमी माणसाला तीवर बसवून न्यायचं. इतकी वर्षं शिकून ठेवलेली ती खुर्ची पहिल्यांदा कामाला आली. ग्विन त्या खुर्चीतून ओरडत होता, "नीचे रखो! मैं चलेगा!"

मी म्हटलं, "गप बस."

त्याने दत्तारामला अर्थ विचारला. दत्तारामने सांगितला. ग्विनने माझ्याकडे बघितलं आणि चहा मागितला.

* * *

त्या दिवशी चहा पिताना तो जे बोलला ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मी विचारलं होतं, गुडघ्याची एवढी वाट लागलीये तर कशाला खेळतोस रे. मला वाटलं, खेळाची आवड वगैरे सांगेल. तो म्हणाला, पहिल्या ऑपरेशनपासून आजपर्यंत मॅच संपल्याची शिट्टी मी मैदानात उभं राहून ऐकलेली नाही. बाकावरून ऐकली. गाडीतून ऐकली. एकदा हॉस्पिटलात रेडिओवर ऐकली. लोकांनी माझ्याविषयी लिहिलं की हा संपला. मी संपलो असेन, पण ते ठरवायची शिट्टी मला माझ्या पायांवर ऐकायचीये. एकदाच.

मी अजून एक घावन वाढलं. अशा माणसाची समजूत घालणारे पुष्कळ मिळतात. मी त्यातली नव्हे.

* * *

एकदा मेसमध्ये पाहुणे होते. आमच्या ह्यांनी ओळख करून दिली, "हे आमचे इंग्लिश साहेब."

ग्विनने ताट बाजूला सरकवलं. सुरमईचं कालवण होतं, तरी सरकवलं.

आमचे हे गोंधळले. मी विचारलं, "तुम्हाला कुणी मुंबईवाला म्हटलं की तुम्ही काय करता?" ह्यांनी मिशीवरून हात फिरवला. हे पक्के कोकणातले, मुंबईवाला म्हटल्यावरून एकदा बसमधून अर्ध्या रस्त्यात उतरले होते, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मग ग्विनने सांगितलं. त्याची भाषा वेगळी. डोंगर, पाऊस, समुद्र, आणि कामासाठी परमुलखात गेलेली माणसं. त्याच्या आजोबांच्या आजोबांना शाळेत आपली भाषा बोलले म्हणून मार बसायचा. दत्ताराम सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे हा आपल्यातलाच. वेल्सचा, म्हणजे वेल्सकर."

पुढच्या शुक्रवारी मी त्याच्या जर्सीच्या पाठीवर लाल दोऱ्याने मराठीत 'वेल्सकर' शिवून दिलं. शाळेतले गोरे मास्तर विचारायचे, हे काय लिहिलंय? ग्विन सांगायचा, "आडनाव."

* * *

गुडघ्याला मी हळद आणि आंबेहळदीचा लेप लावायचे. बरं वाटायचं की नाही माहीत नाही, पण तो नाही म्हणायचा नाही आणि मी विचारायचे नाही. पाय मात्र मांडीपासून पोटरीपर्यंत पिवळाधमक.

एकदा फारच सुजला म्हणून दत्ताराम त्याला हॉस्पिटलात घेऊन गेला. हे एवढं मी पाहिलेलं नाही, दत्तारामने सांगितलेलं. डॉक्टर नवा होता. त्याने चादर बाजूला केली, पाय बघितला, दुसरा पाय बघितला, मग डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या. एकाच पायाला कावीळ त्याने कुठल्या पुस्तकात वाचली नसावी. त्याने काळजीने विचारलं, हा त्रास कधीपासून आहे, काय म्हणतात याला?

ग्विन म्हणाला, "मावशी."

* * *

त्याच डॉक्टरच्या वरच्या डॉक्टरने मग निकाल दिला. खेळणं बंद. चालायचं तेही काठी घेऊन. चांगली वेताची काठी दिली, खाली रबर लावलेली.

ग्विन ती घेऊन मेसमध्ये आला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, एक लाल फडका मिलेगा?"

शुक्रवारी आम्ही मैदानावर गेलो तर कोपऱ्यात वाळूत ती काठी रोवलेली, वर माझा फडका फडफडतोय. आमच्या मैदानाला कॉर्नरचा झेंडा त्याआधी कधी नव्हता! आणि ग्विन पट्टा आवळून मैदानात.

त्या दिवशी बराच टिकला. शिट्टीपर्यंत जवळजवळ पोचला म्हणा. आणि मग पुन्हा तेच, हातांची खुर्ची, "नीचे रखो, मैं चलेगा." मी म्हटलं ते म्हटलंच. पण त्याला रेघेबाहेर ठेवल्यावर खरंच चालायचं होतं, म्हणून दत्ताराम काठी उपटायला धावला.

रहमतभाईंनी शिट्टी फुंकून त्याला थांबवलं. "हात लावू नका. मॅच चालू आहे. झेंडा काढता येत नाही."

"अहो रहमतभाई, ती त्याची काठी आहे!"

"शिट्टी होईपर्यंत झेंडा आहे. शिट्टी झाली की काठी."

ग्विन वाळूत पाय पसरून बसला होता. तो म्हणाला, "रेफ्री सही है."

* * *

मग कंपनीच्या ऑफिसातून एक साहेब आला. टीमला जर्सी ऑफिस द्यायचं, त्यामुळे त्याला बोलायचा हक्क होता असं त्याला वाटे. म्हणाला, मिस्टर ग्विन मैदानात पडले तर जबाबदारी कुणाची? त्यापेक्षा आपण त्यांना मान देऊ. टीमचे अध्यक्ष करू. आणि गाडीतून त्याने खुर्ची काढली, गादीची, हातांची. रेघेपाशी मांडली. हार आणला होता. ग्विनला बोलवून गळ्यात घातला. भाषण केलं.

असा मान मला ओळखता येतो. मलाही मुलगा सांगतो, आई, आता बस झालं, आराम कर. ज्याला बसवायचं असतं त्याला आधी हार घालतात.

भाषण संपलं. टाळ्या झाल्या. ग्विनने हार काढला, साहेबाच्या गळ्यात घातला आणि मैदानात गेला. साहेब खुर्चीकडे वळला.

खुर्चीत मी बसले होते. क्रेट त्याच्याकडे सरकवला. ती खुर्ची अजून माझ्या ओटीवर आहे.

* * *

आता शेवटचा. दुसरं युद्ध होऊन गेल्यानंतरचा उन्हाळा तोंडावर आला होता. शाळेचा करार संपला होता आणि वेल्सला आई आजारी होती, त्यामुळे ग्विन निघणार होता. तो त्याचा शेवटचा शुक्रवार. शिट्टी अजून राहिलेलीच.

त्या दिवशी तो खेळला म्हणणं धाडसाचं होईल. उभा होता. बॉल पायाशी आला तर पुढे द्यायचा. समोरच्या टीमलाही सगळं ठाऊक होतं, पण त्यांनी सूट दिली नाही. दिली असती तर ग्विन त्यांच्या अंगावर गेला असता. हाफटाइम झाला. दुसरा डाव अर्ध्यावर गेला. अर्ध्याच्या पुढे गेला. मी ओरडायची थांबले होते.

आणि वाळवंटाकडून तोझ आली. धुळीचं वादळ. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना काय सांगू, तपकिरी भिंत चालत येते. एका क्षणात समुद्र गेला, इमारती गेल्या, गोलपोस्ट गेले. सगळे डोकं झाकून मैदानाकडेच्या पत्र्याच्या शेडकडे पळाले. मलाही कुणीतरी ओढत नेलं. शेडमध्ये खोकत खोकत प्रत्येकजण दुसऱ्याला विचारत होता, तू आहेस ना?

ग्विन नव्हता. दत्ताराम म्हणाला, गाडीत बसला असेल.

मी रहमतभाईंचा शर्ट धरला. "शिट्टी वाजवलीत?"

त्यांनी गळ्यातल्या शिट्टीला हात लावला. चेहरा उतरला. "नाही, वहिनी."

"मग मॅच चालू आहे."

पदर तोंडाला घट्ट गुंडाळून मी निघाले. रहमतभाईंना सोडलं नव्हतं, त्यामुळे तेही निघाले. चुन्याची रेघ दिसत नव्हती, अंदाजाने गेलो. मैदानाच्या मध्यावर ग्विन. जर्सी नाकावर ओढलेली, डोळे मिटलेले, एक पाय बॉलवर.

"टाइम?" त्याने विचारलं.

रहमतभाईंनी घड्याळ डोळ्याला लावलं. खोटं बोलले असते तर कुणाला कळणार होतं? पण हा प्रामाणिक माणूस. "थोडा बाकी है," म्हणाले.

"तो खेलो," ग्विन म्हणाला आणि बॉल माझ्याकडे ढकलला.

रहमतभाई म्हणाले, "वहिनी, तुम्ही परवानगीशिवाय मैदानात आलात. नियमाने मला तुम्हाला बाहेर काढावं लागेल."

"काढून बघा."

त्यांनी घड्याळात बघितलं.

मी चप्पल सोडली आणि बॉल मारला. ग्विनकडे गेला! त्याने परत दिला. मी पुन्हा दिला. दिसत कुणालाच नव्हतं, बॉल पायाला लागला की कळायचं. तोंडात वाळू, कानात वाळू, आणि रहमतभाई घड्याळ डोळ्याला लावून गोल गोल फिरतायत. मी उभ्या आयुष्यात एवढी खेळले नव्हते. शेवटचा मारायला गेले आणि पाय खड्ड्यात गेला. घोट्यात काहीतरी कडकन वाजलं. मी आवाज केला नाही. बॉल त्याच्याकडे पोचला होता.

आणि शिट्टी झाली. लांब, पूर्ण. रहमतभाईंनी श्वास संपेपर्यंत वाजवली. ग्विन दोन्ही पायांवर उभा राहून ऐकत होता.

मग तो शेडकडे निघाला, आणि मी का येत नाही हे बघायला वळला. मी वाळूत बसले होते.

त्याने रहमतभाईंना काही सांगितलं नाही, फक्त मनगट पुढे केलं. रहमतभाईंनी धरलं. दोघांनी वाकून हातांची खुर्ची केली आणि मला उचललं. त्याचा गुडघा करकरत होता, मला ऐकू येत होता.

मी म्हटलं, "खाली ठेवा. मी चालते."

ग्विन म्हणाला, "गप बस."