पिंगळीच्या गाडीत मी नव्हते

सुरुवातीलाच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेमागच्या चिंचेवर हडळ आहे म्हणून मुली तिकडे जायच्या नाहीत, तर मी सगळा वर्ग तिथेच, त्या चिंचेखाली भरवला होता. तेव्हा पुढचं वाचून कुणी मला भोळी म्हणणार असेल तर खुशाल म्हणावं... माझी हरकत नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी परभणीत आई आणि दादासोबत राहायचे, स्टेशनच्या मागच्या गल्लीत. नोकरी पिंगळीच्या शाळेत. सकाळच्या पॅसेंजरने जायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरने यायचं. प्रवास इतका लहान, की नीट टेकेपर्यंत उतरायची वेळ व्हायची.

आमच्या वाचनालयात तेव्हा दर महिन्याला एक स्पर्धा असायची — चिमुकल्या कथेची. अट एकच, गोष्ट एका पोस्टकार्डावर मावली पाहिजे. महिनाअखेरीला निकाल फलकावर लागायचा आणि येणाऱ्या रविवारी पहिला नंबर आलेल्याने आपली गोष्ट माईकवरून वाचून दाखवायची. मी वर्षभर कार्डं टाकत होते. एकदाही नंबर नाही. माझ्या सगळ्या गोष्टींत शेवटी कुणीतरी मरायचं किंवा कुणाचं तरी काहीतरी कायमचं हुकायचं. धक्का बसल्याशिवाय छोटी गोष्ट होतच नाही, असं मला वाटायचं.

"आन समजा आलाच नंबर, तर वाचणार कोण?" दादा चिडवायचा. "चार माणसं बघितली की तुझी दातखीळ बसते."

खरंच होतं ते. वर्गात मी वाघीण, पण मोठ्या माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की घशात गोळा यायचा. गाडीतसुद्धा मी कधी कुणाशी बोलायचे नाही. खिडकीपाशी बसायचं आणि बाहेर बघायचं.

त्या महिन्यात मला टायफॉईड झाला. दोन आठवडे अंथरुणावर. तापात पडल्या पडल्याच मला एक गोष्ट सुचली. सोनी नावाची एक बाई — लहानपणी लग्न करून लांब दिलेली, माहेर पार तुटलेलं. कितीतरी वर्षांनी ती माहेरी जायला निघते, बसमध्ये बसते, कंडक्टर विचारतो, "कुठं जायचं?" आणि तिला आपल्या गावाचं नावच आठवत नाही! शेवट माझ्या नेहमीच्या वळणाचाच ठरवला होता. तिला खाली उतरवतात, बस निघून जाते.

हे सगळं डोक्यातच होतं बरं का. कागदावर एक अक्षर नाही, आणि कुणाला सांगायचं तर त्राणच नव्हतं.

बरी झाल्यावर शाळेत गेले. त्याच दिवशी संध्याकाळी, पिंगळीहून गाडी सुटली तोच समोरच्या बाकावरची एक बाई पुढे झुकली. कपाळभर कुंकू, मांडीवर भाकरीचं गाठोडं. धनगरांच्या वाड्यावर शेळ्या-मेंढ्या राखणारी भागाबाई. नाव मला नंतर कळलं. तोवर नुसती तोंडओळख होती.

"बाई, मंग त्या सोनीला गावाचं नाव आठवलं का न्हाई?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "कोण सोनी?"

"अवं, तुमचीच की! बसमंदी बसलेली. कंडाक्टर इचारायलाय आन तिला नाव आठवंना..."

 मी बाकावर पुढे सरकले. "मावशी, ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?"

"कुणी म्हंजे? तुमीच!" ती हसायलाच लागली. "मागल्या आठवड्यात. हितंच, ह्याच खिडकीला बसला व्हता. लय झ्याक सांगत व्हता, हात करू करू. समदा डबा गप. आन परभनी आली तशी तुमी गेला उतरून, गोष्ट अर्धीच ठिवून."

"व्हय बाई, मीबी व्हते," पलीकडून एक भाजीवाली म्हणाली. तिच्या शेजारच्या दोघी माना हलवत म्हणाल्या, "आमी रोज तुमची वाट बघायलाव."

मागच्या आठवड्यात मी अंथरुणावर होते. पाण्याचा पेलासुद्धा आई तोंडाला लावायची.

मी तसं सांगणारच होते. तेवढ्यात भागाबाई हळूच म्हणाली, "माजी लेक सरकारी दवाखान्यात हाय, बाई. पैलीच खेप बाळंतपनाची. आंगात रगत न्हाई म्हनलेत डागदर. रोज भाकर घेऊन जाते, पर खाईना. बोलंना. तुमची गोष्ट सांगितली, तवा तेवढी उठून बसली. रोज इचारायलीय — आये, तिला नाव आठवलं का? म्या काय सांगू?"

नाही म्हणायचं होतं मला. माझा शेवट तोच तर होता... पण त्या गाठोड्याला धरलेले तिचे हात बघितले आणि तोंडून निघून गेलं, "आठवलं."

"आठवलं?" अख्खा डबा पुढे झुकला. "कसं?"

आता काय सांगणार? माझ्याकडे काहीच नव्हतं. आणि तरी मी बोलायला लागले. "कंडक्टर म्हणाला, उतर खाली. तर बसमधली एक म्हातारी म्हणाली, थांब रे बाबा. बाई गं, माझं माहेर येलदरी, तुझं तेच का? सोनी म्हणाली, न्हाई. मग दुसरी म्हणाली, माझं गंगाखेड. तिसरीनं आपलं सांगितलं. बसमधल्या सगळ्या बाया आपापलं माहेर सांगत गेल्या... आणि कुठल्याशा मागच्या बाकावरून एक नाव आलं, आणि सोनी एकदम रडायला लागली. कंडक्टरनं न विचारता तिकीट फाडलं."

 भाजीवालीने पदराने डोळे पुसले. भागाबाई उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवून तिने कानशिलावर बोटं मोडली. "आता जाते पळत," म्हणाली, आणि गाडी नीट थांबायच्या आत उतरलीसुद्धा.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता खालीच बसली.

"तुला बोलले नव्हते मी," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी तुझा ताप लय चढला होता. डोळे मिटलेले, आन हात करू करू काहीतरी सांगायली होतीस. मधीच हसायचीस. मी घाबरून दादाला हाक मारली. बाहेर पॅसेंजर स्टेशनात शिरली, तिची शिट्टी झाली, आन तू एकदम गप झालीस."

दादाने मान हलवली. त्यालाही ते आठवत होतं. त्या दिवशी त्याने मला चिडवलं नाही.

मी जेवायच्या आधी पोस्टकार्ड लिहिलं. गाडीत सांगितला तोच शेवट. शब्दसुद्धा तेच.

पहिला नंबर!

नामांतराच्या आंदोलनात त्या रविवारी बंद होता, म्हणून कार्यक्रम आठवडाभर पुढे गेला. म्हणजे घाबरायला मला आणखी आठवडा मिळाला. दादा म्हणाला, "दे कार्ड, मी वाचतो तुझ्या वतीनं." मी देणारही होते. पण शुक्रवारी गाडीत भागाबाई भेटली, आणि तिने दुरूनच ओरडून सांगितलं, "नात झाली, बाई! दोघीबी चांगल्या हायत! नाव काय ठिवलं असंल?"

मी काही बोलायच्या आत सगळा डबाच म्हणाला — सोनी!

घरी येऊन दादाला म्हटलं, "राहू दे. मीच वाचते."

वाचनालयाचा हॉल खचाखच भरला होता. वकील, प्राध्यापक, पुढच्या रांगेत दादा आणि आई. मी माईकसमोर उभी राहिले. घशात गोळा आलाच. कार्डावरची अक्षरं दिसेनाशी झाली, म्हणून मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि गोष्ट नुसती सांगायला लागले. केव्हा गोळा विरघळला आणि केव्हा हात हलायला लागले, कळलंच नाही. शेवटचं वाक्य संपलं आणि टाळ्या सुरू झाल्या. मागच्या भिंतीशी उभी असलेली माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती. आई रडत होती, आणि दादा तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारत होता, वाचनालयात!

त्यानंतर मी ती स्पर्धा कितीतरी वेळा जिंकले. गावोगावी कथा सांगत फिरले.

डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, तापात भास होतात. बरोबर आहे. पण ताप मला होता; डबाभर बायकांना भास कसा होईल? एका जाणत्या गृहस्थांनी या प्रकाराला काहीबाही भारदस्त नावं दिली, तीही मला पटली नाहीत. विज्ञानाची बाई असूनही माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही.

पिंगळीच्या गाडीत खिडकीपाशी बसून कोण बोललं, मला ठाऊक नाही. पण परभणीच्या त्या हॉलमध्ये, त्या रविवारी, जी बोलली ती मीच होते — त्यात मात्र मला तिळमात्र शंका नाही.