पालीचा डबा

मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिची पाल माझ्याकडे राहिली. भिंतीवरची नव्हे; काचेच्या पेटीत पाळलेली, पिवळी, काळ्या ठिपक्यांची, वीतभर. "आई, कुणाला तरी देऊन टाकू," म्हणताना पोरीचा आवाज फुटला आणि मी बोलून गेले, "कशाला? मी आहे की." मला पालीची शिसारी. पण एकदा शब्द दिला की मी माघार घेत नाही. ह्या खोडीपायी मी आयुष्यात बराच ताप करून घेतलाय.

ह्या पालीला जिवंत अळ्या लागतात. मेलेल्या अळीकडे ती ढुंकूनही बघत नाही. त्या पुण्याहून कुरिअरनं यायच्या. गव्हाच्या कोंड्यात घालून, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवायच्या. गारठ्यानं त्या सुस्त राहतात, त्यांचे किडे होत नाहीत. आठवड्यातून एक दिवस डबा बाहेर काढून आत गाजराची चकती टाकायची, म्हणजे त्या तरतरीत होतात. मग चिमट्यात धरून पालीपुढं हलवायच्या. पहिल्या दिवशी मी चिमटा पुढं केला आणि तोंड मागं.

मुलगी गेली तशी पालीनं अन्नच सोडलं. मुलीनं बजावलं होतं, "शेपटी बघत जा. तिची सगळी शिदोरी शेपटीत असते." बोटाएवढी जाड शेपटी महिन्याभरात पेन्सिलीएवढी झाली. डॉक्टर म्हणाले, आता खाल्लं तरच वाचेल. मी कुपवाडच्या कारखान्यातून आले की चप्पल काढून थेट पेटीपुढं मांडी घालायचे. हात भरून येईपर्यंत अळी हलवत राहायचे. तूही हट्टी, मीही हट्टी, बघू कोण थकतं ते! एका संध्याकाळी तिनं झडप घातली. घरात मी एकटीच होते, तरी टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात लोणंदजवळच्या गावाहून सासूबाई आल्या. पेटीकडं बघून म्हणाल्या, "पाल अंगावर पडली तर मानसं डोक्यावरनं अंघुळ करत्यात, आन तू पाळलीस व्हय!" ती खाते काय, हे मी मुद्दामच सांगितलं नाही. तिथंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी डबा बाहेर काढून ओट्यावर ठेवला आणि कामाला गेले. परत आले तर डबा घासून लख्ख. आत चाळलेला कोंडा, वर कडुनिंबाचा पाला. सासूबाई खुशीत होत्या. "लय अळ्या झाल्या हुत्या गं. सुपात घालून गच्चीवर ऊन दावलं. साळुंक्यांनी टिपल्या समद्या. नोकरीपायी तुला सवड न्हाई, मी समजून घेती."

त्यांच्या धान्याला कधी कीड लागत नाही, ह्याचा गावात त्यांना केवढा मान. माझी मात्र संतापानं कानशिलं तापली. "आत्याबाई, ते पालीचं जेवण होतं!" त्यांचा हात धरून पेटीपुढं नेलं, शेपटी दाखवली. नव्या अळ्या यायला चार दिवस लागणार होते.

त्या पेटीवर वाकल्या. "लयच वाळलीया," म्हणाल्या. मग हळूच, "तांदळाच्या कणीतल्या अळ्या चालत्यात का हिला?"

"कणीला किडीची पावडर लावलेली नसली तर."

कुणाच्या दारात जाऊन 'तुमच्या धान्यात अळ्या आहेत का' विचारणं म्हणजे त्या बाईच्या संसाराला नावं ठेवणं. एवढी हट्टी मी, पण माझी जीभ रेटली नसती. सकाळी सासूबाई डोक्यावर पदर घेऊन गल्लीत निघाल्या. मी मागोमाग. पहिल्याच दारात त्या म्हणाल्या, "काय करावं बाई, माझ्या घरच्या कणीत कायम अळ्या हुत्यात. तुमच्यात बी हुत्यात का?" आयुष्यभर जपलेलं नाव त्यांनी परक्या उंबऱ्यावर स्वतःच्या हातानं खाली ठेवलं. तिसऱ्या घरातल्या बाईनं इकडंतिकडं बघत माळ्यावरून एक डबा काढला. कणीला जाळी धरली होती आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

त्या चिमट्यात बसेनात, म्हणून सासूबाईंनी एकेक वेचून बशीत सोडल्या. पालीनं मान वाकडी केली, पाहिलं आणि चार खाल्ल्या. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "खाल्लं गं बाई," म्हणाल्या.

कुरिअर येईपर्यंत त्या कणीवर निभावलं. शेपटी हळूहळू भरली.

उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायला गावी गेले. सगळ्या डब्यांत कडुनिंबाचा पाला होता. कोपऱ्यातला कणीचा एक डबा तेवढा पाल्याविना. शेजारणीनं वाकून पाहिलं आणि ओरडली, "आवं, तुमच्या धान्याला कीड!"

सासूबाई गहू पाखडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "लागू दे की," म्हणाल्या, "माझ्या घरात खाणारं हाय."