तारपा थांबेपर्यंत

नाशिकहून निघालेली डहाणूची एसटी जव्हार ओलांडून खाली उतरायला लागली, तेव्हा कुठे मला माझीच लाज वाटू लागली. ‘खारा वारा’ हा डहाणूचा रॉक बँड वीस वर्षांनी मोडत होता. शेवटचा कार्यक्रम तलासरीत होता, आणि त्यासाठी रजा टाकून निघालेल्या मला त्यांची गाणी येत होती जेमतेम तीन. कॉलेजच्या गॅदरिंगला ऐकलेली. पुढे दर वर्षी ते कुठे ना कुठे वाजवायचे आणि दर वर्षी मी म्हणायचो, पुढच्या खेपेला जाऊ, ते काय पळून जाताहेत? २०१७च्या डिसेंबरात कळलं की पुढची खेप उरलीच नाही.

गंजाडला पन्नाशीचे एक गृहस्थ चढले. हातात लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. ते माझ्या शेजारी बसले.

“दुधी का?” मी उगाच विचारलं.

“तारपा,” ते म्हणाले. (भोपळा, बांबू आणि ताडाचं पान जोडून केलेलं वारल्यांचं फुंकवाद्य.)

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बँडच्या मधोमध उभं राहून तारपा वाजवणारे जान्याभाऊ ते हेच. मी घाईघाईने म्हणालो, “तलासरीलाच ना?”

“ठरवलं नाय अजून. डहाणूला उतरून बघू.”

मग तेच बोलू लागले. “मागल्या साली भात कापायला मी शेतावर होतो. या बँडवाल्यांनी सुरतेला कार्यक्रम केला. माझा तारपा त्या कीबोर्डात भरून ठेवलेला. बटण दाबलं का वाजतो. माझा दम हाय तो. मी नसताना वाजला.”

“सुधीरना बोललात?” सुधीर म्हणजे मसोलीचा गिटारवाला, बँडचा गायक.

“काय बोलायचं? जाणं सोडलं.”

ते गेले नाहीत, मग ड्रमवाला वापीला नोकरीला लागला, आणि होता होता सगळंच सुटत गेलं. वाईट वाटून मी भलतंच बोलून बसलो. म्हणालो, सुधीर गातात छान, पण लोकांकडे बघतच नाहीत, तिरके उभे राहतात, जरा शिष्टच वाटतात.

जान्याभाऊ पहिल्यांदा हसले. “शिष्ट नाय तो. आमच्यात तारप्याला पाठ दाखवत नाय. नाचणारे फेर धरतात तरी कुणी पाठ करत नाय. तारपा थांबला, मग कुणीबी कुठंबी जावं. त्याला पैल्या दिवशी एकदाच सांगितलं होतं. तवापासून तसाच उभा राहून गातो.”

वीस वर्षं मी ज्याला नखरा समजत होतो, तो हा होता. मी खिडकीबाहेर चिकूच्या वाड्या बघत राहिलो.

डहाणूला खाणावळीत आम्ही बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाल्ली. जेवताना जान्याभाऊंनी गुंडाळी मांडीवरून खाली ठेवली नाही. तलासरीच्या जीपवाल्याने हाक मारली, “दोन शीट, चला लवकर.” मी चढलो आणि मागे वळून पाहायची हिंमत केली नाही. मग बाकावर माझ्या शेजारी लुगड्याची गुंडाळी टेकली.

शाळेच्या मैदानात दुपारी चारचा कार्यक्रम. शंभरेक माणसं असतील. जान्याभाऊंना बघून सुधीर गिटार जुळवता जुळवता थांबला. त्याने कीबोर्डची वायर काढली, तो स्वतः उचलून स्टेजच्या खाली ठेवला आणि मधली जागा मोकळी केली. जान्याभाऊंनी लुगडं सोडलं.

बँड दीड तास वाजवत होता. मला येणाऱ्या तीन गाण्यांपैकी दोनच झाली. बाकीची ऐकताना मी स्वतःला शिव्या घालत होतो, कारण ती सगळी चांगली होती आणि मी ती पहिल्यांदाच ऐकत होतो. सुधीर तिरका उभा राहून गात होता.

शेवटचं गाणं संपलं. गिटार थांबली, ड्रम थांबला, तारपा मात्र चालूच राहिला. गाल फुगवून, श्वास न तोडता जान्याभाऊ वाजवत होते आणि सुधीर हात खाली सोडून त्यांच्याकडे तोंड करून उभा होता. लोकही उठेनात. अखेर तारपा थांबला. सुधीर तरीही हलला नाही.

जान्याभाऊ माइकजवळच होते, म्हणून ऐकू आलं. “थांबलो ना मी. फिर आता.”

सुधीरने मान हलवली. मग तो वळला, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे पाठ करून पायऱ्या उतरला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघं परत निघालो. चाहता म्हणवून घ्यायला मी फार उशिरा पोचलो होतो, याचं वाईट वाटणं काही केल्या जाईना. गंजाडला गाडी थांबली. जान्याभाऊ उतरले, गुंडाळी खांद्याला लावून बांधावरून चालू लागले. तारपा थांबलेला होता, पाठ फिरवायला आता हरकत नव्हती. तरी मी सीटवर उलटा वळून, ते दिसेनासे होईपर्यंत तसाच बसून राहिलो.