‘हाय’ म्हनू नको

“अण्णा गेले,” सुपरवायझर फोनवर म्हणाले, आणि मला आठवला तो त्यांचा शनिवारचा एक शब्द. संध्याकाळी गेटवर मी विचारलं होतं, “अण्णा, बरं हाय ना?” हेल्मेट चढवत ते म्हणाले, “हाय.” तेवढ्यावर मी गाडीला किक मारली. रविवारी सकाळी देवळालीला, राहत्या घरी, हार्टअटॅकने ते गेले. दीड महिना झाला, तो ‘हाय’ काही कानातून जात नाही...

नागापूरच्या कारखान्यात आमची पाळी एकच, फोर्कलिफ्टही एकच. सकाळी ते चालवायचे, दुपारनंतर मी. सुरू करण्याआधी तपासणीचा कागद भरायचा. अण्णा विचारणार, मी मशीनपाशी उभा राहून उत्तरं देणार. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, “हॉर्न?” “हाय.” “ब्रेक?” “हाय.” अण्णांनी कागदच आपटला. “आरं बाबा, ब्रेक हाय हे मलाबी ठाव हाय! बिनब्रेकाची दिल्ती व्हय कंपनीनं? ‘हाय’ म्हनू नको, ‘बघितलं’ म्हन!” अख्खा जिल्हा ‘हाय’ म्हणतो आणि हा माणूस त्यावरच भडकतो, मला तर हसूच आलं.

ते हसू खंडेनवमीनंतर जिरलं. आदल्या दिवशी मशीन धुऊन, हार घालून, माल उचलणाऱ्या साखळीला मी स्वतः हळदकुंकू लावलं होतं. सकाळी अण्णांनी विचारलं, “साखळी?” मी ठोकून दिलं, “बघितली.” अण्णा उठले, फडक्याने कुंकू पुसलं. खाली एका कडीला तडा! दिवसभर त्या मालाजवळून माणसं ये-जा करतात. अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, “काल तू पूजा केलीस. बघितलं न्हाईस.” साखळी बदलेपर्यंत त्यांनी मशीनची चावी खिशातून काढली नाही.

आता कागदावर माझी एकट्याची सही असते. तीन-तीनदा तपासतो, तरी जीव थाऱ्यावर नसतो. जेवता जेवता उठून पुन्हा साखळी बघून येतो. “अहो, झालं की आता!” सुपरवायझर वैतागतात. त्यांना काय सांगू? त्या शनिवारी अण्णा गेटपर्यंत येताना दोनदा थांबले होते, कपाळावर घाम होता, हेल्मेटचा पट्टा लागत नव्हता. हे सगळं मला आत्ता दिसतं! त्यांच्याच हाताखाली शिकलेला मी, आणि त्यांच्याच ‘हाय’वर विसंबलो. याची फार लाज वाटते.

परवा सुट्टी होती. अण्णांच्या घरी वहिनींना फोन केला. “वहिनी, बरं हाय ना?”

“हाय,” त्या म्हणाल्या.

फोन ठेवला आणि तडक मोटारसायकल काढली. देवळालीला पोचलो तेव्हा वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. मागे खुंटीला अण्णांचं हेल्मेट तसंच टांगलेलं. मला पाहून त्या गडबडून उठल्या.

“अगंबाई, भावजी! आत्ताच तर फोनवर बोल्लो आपन... कशापायी आलात एवढ्या लांब?”

“बघायला,” मी म्हटलं.