लिफ्टवाल्याने जिना चढायचा नाही

त्या चार मजली इमारतीतल्या लिफ्टवाल्याला सगळे वरखाली म्हणत. खरं म्हणजे तो वर जात नसे, आणि तळमजल्याच्या खाली जायला काही नव्हतंच. लिफ्ट तळमजल्यावर बंद पडली होती, आणि तिला चालताना ज्यांनी लहानपणी पाहिलं होतं त्यांना आता टकलं पडू लागली होती. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

ती बंद पडली तो दिवस इतर दिवसांसारखाच सुरू झाला. सकाळी वरखालीची थोरली बहीण आपलं शिवणयंत्र घेऊन चौथ्या मजल्यावरच्या खोलीत राहायला आली. आईच्या माघारी या ताईनेच त्याला वाढवलं होतं. तिचे गुडघे तेव्हाच जिन्याच्या नावाने बोंब मारत होते, म्हणून तर तिने लिफ्टची इमारत निवडली. इमारतीच्या दारात भिंतीलगत तिने कडुनिंबाचं वीतभर रोप लावलं आणि म्हणाली, "याला पाणी घालत जा रे. संध्याकाळी खाली येते बघायला." वरखालीने तिला आणि यंत्राला वर सोडलं, तो खाली आला, आणि लिफ्टने एकदा खाकरून जीव सोडला.

आता वरखालीची एक सवय होती. रोज सकाळी लिफ्टचं दार उघडण्याआधी तो हात जोडून म्हणे, "देवा, आज काय करू ते तूच सांग." आणि त्यानंतर जो पहिला हुकूम कानावर पडेल तो देवाचा, असं मानून पाळे. बहुतेक दिवशी देव "तिसरा मजला" एवढंच सांगे, त्यामुळे काही बिघडत नसे. त्या दिवशी मात्र ताईला पोहोचवायच्या घाईत हात जोडायचे राहिले. लिफ्ट बंद पडल्यावर त्याला ते आठवलं, त्याने हात जोडले, डोळे उघडले, तर समोर इमारतीचे मालक.

"मी मेकॅनिकला घेऊन येतो," मालक म्हणाले. "तोवर लिफ्ट सोडायची नाही. आणि काय वाट्टेल ते होवो, जिना चढायचा नाही. लिफ्टवालाच जिना चढताना दिसला, तर लोकांनी विश्वास ठेवायचा कुणावर?"

मालक गेले ते गेलेच. कुणी म्हणे, परदेशी मुलाकडे गेले. कुणी म्हणे, वर गेले. मालक वर गेले म्हणून हुकूम काही खाली पडत नाही, असं वरखालीचं म्हणणं.

तो लिफ्टच्या स्टुलावर बसू लागला. जिन्याखालच्या खोलीत झोपायचा आणि उजाडलं की कामावर हजर. बादलीभर पाण्याने लिफ्टची फरशी धुवायची, उरलेलं सगळं पाणी रोपाच्या बुडाशी ओतायचं, मग गणवेशाची बटणं लावून जाळीचं दार उघडायचं. आलेल्याला विचारायचं, "कितवा मजला?" माणूस मजला सांगे आणि जिन्याने वर जाई. न सांगता जाणं उद्धटपणाचं मानलं जाऊ लागलं. दुसऱ्या मजल्यावर दातांचा डॉक्टर होता. त्याचे पेशंट तर आधी लिफ्टमध्ये शिरत, वरखाली दार लावी, दुसऱ्या मजल्यावर पोहोचायला लागेल तेवढा वेळ सगळे गप्प उभे राहत, मग तो दार उघडून तळमजल्यावर "दुसरा मजला!" असं पुकारी. दात काढायच्या आधी तेवढीच मनाची तयारी होई. डॉक्टर म्हणे की लिफ्टने आलेले पेशंट कमी ओरडतात.

तिसऱ्या मजल्यावरचे वकील एकदा चिडून म्हणाले, "अरे, देवाला तुझ्या लिफ्टचं काय पडलंय?"

"बहुतेक नसेलच पडलेलं," वरखाली म्हणाला. "म्हणून तर मी बसलोय. दोघांपैकी एकाला तरी पडलेलं हवं."

बहीण-भावाचं बोलणं लिफ्टच्या पोकळीतून चाले. ती वरून जाळीला तोंड लावून हाक मारी, हा खालून. "जेवलास का?" हा प्रश्न चार मजले उतरून येईपर्यंत सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाई आणि मधलेच कुणी उत्तर देत, "जेवला, जेवला!" जेवण खिडकीतून दोरीला बांधलेल्या टोपलीतून येई. पुढे झाड वाढलं आणि टोपली फांद्यांत अडकू लागली. कावळे आधी जेवत, वरखाली नंतर. लोकांनी ताईला खुर्चीत बसवून खाली आणायची तयारी दाखवली, तर ती म्हणाली, "मी काय कपाट आहे? लिफ्टने वर आलेय, लिफ्टनेच खाली जाईन. संध्याकाळी येते म्हणून सांगितलंय त्याला." कुठली संध्याकाळ, हे तिने सांगितलं नव्हतं.

एकाच आईची लेकरं, दुसरं काय!

पण एकदा ताईला जबर ताप भरला. वरून हाक आली, तीही अर्धीच. वरखाली धावत जिन्यापाशी गेला, त्याने पाय उचलला आणि तो पाय तसाच हवेत राहिला. खाली ठेववेना, वर टाकवेना. बघणाऱ्यांना हसू येत होतं, पण त्याच्या डोळ्यांना धार लागली होती. "देवा, एवढा एक जिना तरी चढू दे," तो म्हणत होता. देव काही बोलला नाही, त्यामुळे जुनाच हुकूम कायम. शेवटी त्याने दातांच्या डॉक्टरला वर पिटाळलं. तापाशी दाताच्या डॉक्टरचा संबंध काय? पण ताई बरी झाली, जाता जाता एक किडकी दाढही निघाली, आणि मग ती जाळीशी येऊन एवढंच म्हणाली, "तुझा देव आणि तुझी लिफ्ट, दोघंही बंद." त्यानंतर बराच काळ पोकळीतून काही आलं नाही. टोपली मात्र येत राहिली. वरखालीला त्या दिवसांत स्टूल टोचे. तरी तो सकाळी फरशी धुवी, झाडाला पाणी घाली आणि हात जोडी. मन लागत नसलं तरी हात जोडता येतात, हे त्याला तेव्हा कळलं.

आणि मग एका दुपारी एक माणूस हत्यारांची पिशवी घेऊन आला.

"कितवा मजला?" वरखालीने विचारलं.

"मजला नाही. मी मेकॅनिक. नव्या मालकांनी पाठवलंय."

वरखाली स्टुलावरून उठला आणि पुन्हा बसला. मेकॅनिकने वर खाली बघितलं, एक तार जोडली आणि म्हणाला, "मूळचा बिघाड एवढाच होता." मग लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला आणि वैतागून वर आला. "झाडाची मुळं शिरलीत सगळीकडे. लिफ्टला मिठीच मारलीय त्यांनी. झाड तोडलं तर संध्याकाळपर्यंत लिफ्ट चालू. कुठल्या गाढवाने या अंगाला रोज पाणी ओतलंय?"

"मीच," वरखाली म्हणाला.

त्याने पोकळीत तोंड घालून हाक मारली. "ताई! मेकॅनिक आलाय! आज संध्याकाळी खाली येता येईल! फक्त... तुझं झाड तोडायला लागेल."

वकिलांनी दार उघडून ठेवलं. दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी तोंडात चाललेली डॉक्टरच्या यंत्राची घरघर थांबली.

मग वरून आवाज आला. "काही तोडायचं नाही. मी खाली येईना म्हणून ते बिचारं वर आलंय. फांदी खिडकीतून आत आलीय माझ्या." मग ती म्हणाली, "पण मला सांग, मेकॅनिक आला ना?"

"आला."

"मग हुकूम संपला. ये की रे वर!"

वरखालीने मालकांचा हुकूम मनात पुन्हा म्हणून पाहिला. इतकी वर्षं तो लिफ्ट चालू व्हायची वाट पाहत होता, आणि हुकूम फक्त मेकॅनिक येईपर्यंतचा होता. त्याने टोपी काढून स्टुलावर ठेवली, जिन्याशी गेला, पाय उचलला आणि या वेळी टेकवला.

त्यालाही गुडघे होते, हे त्याला पहिल्याच वळणावर समजलं. प्रत्येक मजल्यावर लोक दाराबाहेर येऊन उभे होते. डॉक्टरने अदबीने विचारलं, "कितवा मजला?"

"चौथा," वरखाली धापा टाकत म्हणाला.

तिसऱ्यावर वकिलांनी विचारलं. त्यांनाही त्याने तेच सांगितलं.

ताई दारातच उभी होती, केस पांढरे, गळ्यात मोजमापाची टेप. "किती म्हातारा झालास रे," ती म्हणाली आणि त्याला धरून रडली. तोही रडला. मग तिने त्याला खिडकीशी नेलं. हिरवीगार फांदी शिवणयंत्रावर टेकली होती.

"तापात आलो नाही तुझ्या," तो म्हणाला. "खाली बसून होतो नुसता."

"फरशीचं पाणी कुठे ओतायचास रोज?"

"कुठे म्हणजे? याच्या बुडाशी."

ताईने फांदीवरचं एक पान त्याच्या गालाला लावलं. ते गार होतं. "मग रोज येतच होतास की वर," ती म्हणाली.

खालून मेकॅनिक ओरडला, "अहो, झाडाचं काय करायचं?"

ताई जाळीशी गेली. "थांबा जरा! देव सांगेल तेव्हा बघू!"

मेकॅनिकला दुसरीकडे बसायला जागा नव्हती. त्याने टोपी बाजूला केली आणि तो लिफ्टमधल्या स्टुलावर टेकला. तेवढ्यात गाल सुजलेली एक बाई आत शिरली, कोपऱ्यात डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, "दुसरा."

मेकॅनिकने इकडेतिकडे पाहिलं आणि जाळीचं दार लावून घेतलं.