सोडलेला चेंडू

समोरच्या इमारतीतले दामले सकाळी माझ्याबरोबर मैदानाला फेऱ्या मारताना मध्येच थांबतात, मिटलेली छत्री बॅटसारखी धरतात आणि डावा पाय पुढे टाकून एक चेंडू तटवतात. चेंडू अर्थातच नसतो.

दामले देशासाठी दोनच कसोटी सामने खेळले. शेवटच्या डावात, चेंडू बाहेरून जाईल या भरवशावर त्यांनी बॅट उचलून तो सोडून दिला. तो आत वळला आणि ऑफ स्टंप घेऊन गेला. पुढे त्यांना कुणी बोलावलं नाही. रेडिओला कान लावून बसलेल्या माझ्या तोंडून तेव्हा एक घाणेरडी शिवी गेली होती. त्यांच्या घरी चहा पिताना ती मला हमखास आठवते.

मी शाळेत गणित शिकवायचो. फळ्यावर चुकलो की मुलं हसायची, मी डस्टर फिरवायचो आणि तास पुढे सुरू व्हायचा. इतक्या चुका केल्या, पण उद्यापासून येऊ नका असं मला कधी कुणी म्हटलं नाही.

आज दामलेवहिनी त्यांना बोलवायला मैदानावर आल्या. छत्री पुढे आलेली बघून वैतागल्या. "अहो, किती वर्षं झाली! सोडा की आता!"

"सोडला, तिथंच तर चुकलं," दामले म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही ऐकली असेल ना हो ती कॉमेंट्री?"

मी बुटाची बांधलेली नाडी पुन्हा बांधायला खाली वाकलो.