जावयांची घड्याळं

जुन्या स्विस घड्याळांचा नाद मला लागला तो नेमका शेतीनं वऱ्हाडाला रडवलं त्या वर्षांत. घराघरांतली लग्नात मिळालेली घड्याळं तेव्हा विकायला निघत होती आणि माझा पगार सुरू होता. आजही अमरावतीत कुणी माझ्या संग्रहाचं कौतुक केलं की मी विषय बदलतो. लाज वाटते.

मला वेड होतं जोड्यांचं. एके काळी स्वित्झर्लंडमधल्या घड्याळांच्या बऱ्याच कंपन्या एकाच मालकाच्या झाल्या होत्या. तबकडीवरची नावं वेगळी, एक मानाचं, दुसरं साधं. झाकण काढलं की आत मशीन तेच. अशी एक जोडी आमच्या नात्यातच होती. आईच्या वडिलांनी दोन्ही जावयांना लग्नात घड्याळं दिली होती. माझ्या वडिलांना, थोरले म्हणून, मानाच्या नावाचं. अकोल्याच्या मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, साध्या नावाचं. काकांनी भर मांडवात तोंड फुगवलं. ते घड्याळ त्यांनी कधी मनगटाला बांधलं नाही आणि सासुरवाडीची पायरीही पुन्हा चढले नाहीत. आमच्याकडे या रुसव्याची फार थट्टा चालायची. मीही हसायचो.

वडील गेल्यावर त्यांचं घड्याळ माझ्याकडे आलं. मग जोडी पुरी करायची म्हणून मी अकोल्याला गेलो. मावशी चहा करायला आत गेली, काकांनी कपाटातून आपलं घड्याळ काढलं. मी टेबलावर पेपर पसरला, दोन्ही घड्याळांची झाकणं उघडली आणि भिंग काकांच्या हातात दिलं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की नावावर जाऊ नका. मालक एकच, मशीनही एकच, तुम्हा दोघांना सारखंच मिळालं होतं. हे ऐकून त्यांना बरं वाटेल, एवढीच माझी अक्कल.

काका बराच वेळ पाहत राहिले. "पक्कं सांगून राहिला का तू?"

"पक्कं, काका."

मावशी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "माहा बाप मांडवात हेच सांगून राहिला होता," ती काकांना म्हणाली. "दुकानदारानं त्याले सांगतलं होतं. तुमी म्हणे, म्हातारा बाता मारते. मंग मले माहेराले जाऊ नाई देलं. बाप मेला तवाच गेली मी त्या घरी."

मला हे ठाऊकच नव्हतं. आमच्या थट्टेत फक्त काका असायचे, मावशीचं माहेर तुटलं हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. माझ्या तर नाहीच.

काकांनी भिंग ठेवलं. कुणाकडेही न बघता आपलं घड्याळ माझ्याकडे सरकवलं. "घेऊन जाय हे."

आणि सांगायची शरम वाटते, पण माझा हात पुढे झाला. जोडी पुरी होत होती ना.

मावशीनं कप टेबलावर ठेवले.

"ठेव तिथंच," ती मला म्हणाली. "माह्या बापाचं हाये ते."